शहागंजच्या घड्याळाखाली

वर्गातल्या मुली कमी व्हायला लागल्या तेव्हा मला आधी वाटलं, गोवर आला असेल. उन्हाळ्याच्या तोंडावर औरंगाबादेत गोवर यायचाच. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, आमी उद्या मनमाडला चाललो. आई म्हनली, कुनाला सांगू नको." आणि सांगून झाल्यावर ती घाबरून रडायला लागली.

निजामाच्या राज्याचे ते शेवटचे महिने होते. शेवटचे हे आज म्हणायचं. तेव्हा कुणाला ठाऊक होतं? इंग्रज गेले होते, चहूबाजूंचा मुलूख स्वतंत्र झाला होता आणि आमचं हैदराबाद संस्थान तेवढं मधेच राहिलं होतं. पुढं काय होणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून जो मोठ्यानं ओरडेल त्याचंच ऐकू यायचं.

दर जुम्म्याला खाकी कपड्यांतले स्वयंसेवक भाले-बरच्या घेऊन शहागंजातून मिरवणूक काढत. ते सरकारी शिपाई नव्हते, पण सरकारी शिपाई त्यांना वाट करून देत. राज्य आमचं आहे, ज्याला पटत नाही त्यानं चालतं व्हावं, असा त्यांच्या घोषणांचा अर्थ. दुसऱ्या बाजूला सरहद्दीपलीकडं तळ ठोकून बसलेली आपली पोरं. ती करोडगिरीचे, म्हणजे निजामाच्या जकातीचे, नाके जाळत, रूळ उखडत. सकाळी उठून पाहावं तर दारांवर कागद डकवलेले असत: सरकारी नोकरी सोडा, कोर्ट सोडा, शहर सोडा, राहील तो गद्दार. माझ्याही दारावर एक निघाला. खळ घट्ट बसली होती, तो मी पाण्यानं भिजवून भिजवून काढला, कारण दार घरमालकाचं होतं.

मी सरकारी मुलींच्या शाळेत हिशेब आणि मराठी शिकवीत होते. लग्नाला वर्ष होत नाही तोच नवरा विषमज्वरानं गेला. वडिलांनी मला सासरी राहू दिलं नाही, पुण्याला शिकायला पाठवलं, आणि शिकून आल्यावर ही नोकरी मिळाली. वडील गेल्यावर मी औरंगपुऱ्यात दोन खोल्या घेतल्या. धाकटा भाऊ माझ्याजवळ राहून कॉलेजात जायचा. एक दिवस तो घरी आलाच नाही. दोन दिवसांनी त्याच्या मित्रानं दारातूनच सांगितलं, "तळावर गेला. काळजी करू नका म्हणाला." त्यानंतर घरात बोलायला कुणी उरलं नाही. मी भाकरी एकटीपुरती थापायला लागले आणि पहिले काही दिवस पीठ जास्तच मळत राहिले.

संध्याकाळी मी रोशन गेटजवळ एका वकीलसाहेबांच्या घरी शिकवणीला जात असे. त्यांच्या नातीला हिशेब यायचा नाही. वकीलसाहेब म्हातारे, उंच, शेरवानीची सगळी बटणं लावूनच बाहेरच्या खोलीत येणारे. घराणं मुसलमान, पिढ्यान् पिढ्या इथलंच. त्यांची मराठी कोर्टातली होती. साधं बोलतानाही 'सबब' आणि 'मजकूर' यायचे. त्यांनी वकिली सोडली नव्हती, म्हणून आपल्या बाजूचे लोक त्यांना निजामाचे हुजरे म्हणत. आणि खाकीवाल्यांनी मारलेल्या एका वाण्याचा खटला त्यांनी घेतला होता, म्हणून त्यांच्याच मोहल्ल्यात काही लोक त्यांचा सलाम घेत नव्हते.

एक दिवस शिकवणी संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. "बाई, या शहरात ओरडणारे किती असतील?"

"पुष्कळ," मी म्हणाले.

"नाही. थोडे आहेत. आवाज मोठा आहे, सबब पुष्कळ वाटतात. आपल्यासारखे जास्त आहेत. पण ते घरात बसतात, सबब दिसत नाहीत."

"मग काय करायचं?"

"दिसायचं," ते म्हणाले. "शहागंजात, घड्याळाखाली. जुम्म्याच्या आदल्या दिवशी, असरच्या नमाजानंतर, ऊन उतरल्यावर. नुसतं उभं राहायचं."

सभेला परवानगी लागायची आणि ती मिळत नसे. पण वकीलसाहेबांनी कोतवालीच्या अमीनांपुढं, म्हणजे फौजदारांपुढं, जाऊन वाद घातला की जिथं कुणी बोलत नाही ती सभा होत नाही. अमीन हसले म्हणे. "मू बंद रखके खडे रहते? रहो. कितने दिन रहते देखेंगे."

आता नुसतं उभं राहायचं तरी कशासाठी हे लोकांना कळायला हवं, म्हणून कापडावर एक ओळ लिहायचं ठरलं. त्यासाठी वकीलसाहेबांच्या बैठकीत आम्ही जमलो. शहागंजातले एक वैद्य, त्यांच्या शेजारच्या दुकानातले हकीम (दोघांच्या मधे एकच भिंत, औषधं एकमेकांकडं संपली की भिंतीवर टकटक करायची), एक निवृत्त तहसीलदार, हिमरू विणणारे दोन भाऊ, मी, आणि माझ्या शाळेत उर्दू शिकवणाऱ्या आपा. आपा मूळच्या पैठणच्या. बुरख्यातून त्यांची मराठी आली की नवीन माणूस दचकायचा. मी भीत भीत त्यांना विचारलं होतं, येता का. "येते की! मला काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या होत्या.

ती एक ओळ ठरता ठरेना. तहसीलदार म्हणाले, हुजूर सरकारांचा मान राहिला पाहिजे. वैद्य म्हणाले, मग हिंदुस्थानात सामील होण्याचंही लिहा. हकीम म्हणाले, ते लिहिलं तर मी उद्या दुकान उघडू शकत नाही. विणकरांपैकी थोरला म्हणाला, दोन्हीही लिहू नका, सूत बंद झालंय ते लिहा. चहा दोनदा झाला. एकेक गोष्ट गळत गेली, आणि ज्यावर कुणाचीच हरकत नव्हती असं एवढंच उरलं: 'शेजाऱ्याला हात लावू नका.' आपांनी ते उर्दूत लिहिलं, मी मराठीत. इतकी साधी ओळ पाहून तहसीलदार जरा खट्टू झाले. "हे तर लहान मुलांना सांगतात," ते म्हणाले.

पहिल्या गुरुवारी मी कापडाचं एक टोक घट्ट धरून उभी राहिले. शहागंज गजबजलेलं होतं. टांगेवाले थांबून वाचत, एकमेकांना वाचून दाखवत आणि पुढं जात. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की आमच्या मागं माणसं उभी राहतायत. दहा-बारा, मग वीसेक. मला भरून आलं. मी वळून पाहिलं तर त्यांच्या हातात बाटल्या, डबे.

त्या दिवसांत सरहद्द बंद होती, मीठ आणि राकेल मिळत नव्हतं. कुठंही रांग दिसली की लोक तिच्यामागं उभे राहत.

"राकेल कवा वाटनार?" एका म्हातारीनं मला विचारलं.

"राकेल नाही मावशी. आम्ही नुसते उभे आहोत."

"नुसते?"

"भांडणं होऊ नयेत म्हणून."

तिनं कापडाकडं पाहिलं, तिला वाचता येत नसावं. बाकीचे डबेवाले कुरकुरत पांगले. ती मात्र डबा खाली ठेवून म्हणाली, "मंग ऱ्हाते जरा. पाय लई दुखायलेत, बसले तर उठता यायचं नाय." दिवे लागायच्या आत आम्ही कापड गुंडाळलं तोवर ती उभी होती. बुरख्याच्या आत आपा हसत होत्या, ते मला त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. इतकं हलकं मला त्या वर्षात पुन्हा कधी वाटलं नाही.

पुढचे काही गुरुवार माणसं वाढली. खरीखुरी, डब्यांशिवाय. गिरणीतले काही कामगार येत, एक टांगेवाला घोड्यासकट येऊन थांबे. मशिदीतून नमाज आटपून बाहेर पडणारे थोडे आमच्यात मिसळत, तसेच कापड-गल्लीतले दुकानदार फळी लावून येत. कुणी काही बोलत नसे. तरी शाळेत, वाटेवर अनोळखी माणसं मान हलवून ओळख द्यायला लागली. वकीलसाहेब म्हणत होते ते खरं होतं की काय, असं मला वाटायला लागलं.

मग खाकीवाल्यांनी मिरवणूक गुरुवारीच काढली. भाले घेऊन ते घड्याळाभोवती गोल फिरले आणि आमच्या तोंडासमोर घोषणा देत राहिले. कुणाला मारलं नाही. एकजण वैद्यांच्या अंगावर थुंकला, आणि हकीमांना त्यांच्या बापाच्या नावानं हाक मारून विचारलं, "शरम नै आती, इनके साथ खडे रहते?" हकीम खाली पाहत राहिले. पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. मधल्या भिंतीवरची टकटकही बंद झाली, असं वैद्यांनी मला सांगितलं. आणि त्याच आठवड्यात वैद्यही बायकामुलांना घेऊन अहमदनगरला निघून गेले.

दुसरी बाजूही गप्प बसलेली नव्हती. एका दुपारी माझ्या दारात भाजीवाला आला. डोक्यावर पाटी, वाढलेली दाढी, पायांत वहाणा नाहीत. "वांगी घ्या," म्हणाला आणि सरळ आत आला. तो माझा भाऊ होता.

मी त्याला आधी जेवायला वाढलं. तो खाली मान घालून भरभर जेवला. वाळला होता. मग पाणी पिऊन म्हणाला, "अक्का, तू शहागंजात उभी राहतेस म्हणे."

"राहते."

"कुणाच्या बाजूनं?"

"तिथं बाजू नाही रे. ये आणि वाच काय लिहिलंय ते."

"मला ठाऊक आहे काय लिहिलंय. ते लिहून काय होणार? गावंच्या गावं लुटतायत ते. मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि तू त्यांच्या वकिलाशेजारी उभी राहून सांगतेस, हात लावू नका! कुणाला सांगतेस?"

"दोघांनाही."

"दोघं सारखे आहेत?"

सारखे नव्हते, हे मलाही दिसत होतं. भाले शहरात कुणाच्या हातात होते ते काही लपलेलं नव्हतं. पण ज्या गल्ल्यांमधून मी रोज चालत जात होते, तिथली माणसं भाले घेऊन नव्हती, आणि उद्या भाले हातांतून हातांत गेले तर ती कुठं जाणार होती? हे मला तेव्हा असं नीट बोलता आलं नाही. मी एवढंच म्हणाले, "तुझ्या लहानपणी तुला देवी आल्या होत्या, तेव्हा वकीलसाहेबांच्या घरून दूध यायचं."

"दुधानं राज्य बदलत नाही, अक्का." तो उठला. "तळावर तुझा विषय निघतो. मी उठून बाहेर जातो." पाटी डोक्यावर घेताना तो थांबला, चार वांगी काढून उंबऱ्यात ठेवली आणि गेला.

पावसाळा लागला तसं आमचं गल्लीतलं जगणं बंद होत गेलं. एकेक घराला कुलूप. जाताना बायका किल्ल्या माझ्याकडं आणून द्यायच्या, कारण मी कुठं जाणार नव्हते, मला जायला घर नव्हतं. "तुळशीला पाणी घाला," सगळ्या एकच सांगायच्या. तुळशीला पाणी पावसानंच घातलं. मी तरी शाळेतून आल्यावर एकेक दार उघडायची, अंगणात उभी राहायची, मग कुलूप लावायची. कुठं चुलीजवळ सांडलेलं पीठ तसंच, कुठं दोरीवर विसरलेलं लहान मुलाचं झबलं. इतक्या घरांच्या किल्ल्या माझ्याकडं होत्या आणि एकाही घरात मला कुणी 'ये' म्हणणारं नव्हतं.

शाळेतही तसंच. तपासनीस येऊन मुख्याध्यापिकांशी बंद दाराआड बोलून गेले. नंतर आपा मला व्हरांड्यात भेटल्या आणि इकडंतिकडं पाहून म्हणाल्या, "बाई, माझ्या मालकांना काल घरी येऊन सांगून गेले ते लोक. मला आता येता यायचं नाही."

"असू द्या आपा."

"असू कसं द्या? तुम्ही म्हणा काहीतरी. वाईट तरी म्हणा."

घंटा झाली, मी वर्गात गेले. त्यानंतर आम्ही एकमेकींना टाळायला लागलो. भांडण नव्हतं, पण दोघींनाही एकमेकींचा चेहरा बघवत नसे. मधल्या सुट्टीत त्या आपल्या वर्गात डबा खायच्या आणि मी माझ्या.

तहसीलदार आजारी पडले. विणकरांचे माग बंद झाले, ते हैदराबादेकडं काम शोधायला गेले. एका गुरुवारी घड्याळाखाली आम्ही दोघंच उरलो, वकीलसाहेब आणि मी. कापड लांब होतं. दोन टोकं धरून उभं राहिलं की आमच्या मधे चार-पाच माणसांची जागा मोकळी राहायची आणि कापड मधे लोंबायचं. वाचणाऱ्याला ओळ नीट दिसायची नाही. वकीलसाहेब म्हणाले, "जरा जवळ या, बाई." मग आम्ही कापड दुमडून धरलं. मराठी ओळ दिसली की उर्दू दिसत नसे. वकीलसाहेबांनी मधूनमधून ते उलटं करायला सुरुवात केली.

तशाच एका गुरुवारी दगड आला. वकीलसाहेबांच्या कानशिलावर बसला आणि ते घड्याळाच्या चौथऱ्याला टेकून खाली बसले. शेरवानीवर रक्त आलं. मी पदरानं दाबून धरलं आणि गर्दीकडं पाहायला लागले, कुणी मारला ते कळावं म्हणून. एकीकडं खाकी टोळकं उभं होतं, दुसरीकडं कापड-गल्लीच्या तोंडाशी चार-पाच पोरं, त्यांतली दोन माझ्या ओळखीच्या घरांतली.

"बघू नका," वकीलसाहेब म्हणाले.

"पण कुणीतरी..."

"बघू नका म्हणतो ना. एकदा दिसलं की आपणही एका बाजूचे."

टांगेवाल्यानं त्यांना घरी नेलं. जखम चिघळली, ताप चढला आणि ते अंथरुणाला खिळले. त्यांच्या सूनबाईंनी मला पडद्याआडून सांगितलं की नातीची शिकवणी आता नको. आवाज रागाचा नव्हता. थकलेला होता.

पुढच्या गुरुवारी मी एकटी गेले. का गेले हे मला आजही नीट सांगता येणार नाही. धीट होते असं नाही. घरी बसून ती वेळ जाणं अशक्य वाटलं, एवढंच आठवतं. एकटीला ते लांब कापड धरता येईना. मी ते चौघडी करून छातीशी धरलं, 'हात लावू नका' एवढंच दिसत होतं. एक तरुण विधवा छातीशी 'हात लावू नका' लिहिलेलं कापड धरून भर चौकात उभी! लोक हसले. मला तेव्हा का हसतायत ते कळलं नाही. घरी आल्यावर कळलं आणि मी जेवले नाही.

भीतीपेक्षा लाजच जास्त वाटते अशा वेळी. हातापायांचं काय करावं कळत नाही. पेरूवाल्यानं आपली गाडी माझ्यापासून दूर ढकलत नेली. ओळखीची माणसं पलीकडच्या बाजूनं गेली. मग खाकी कपड्यातला एक तरुण टोळक्यातून निघून माझ्याकडं आला. भाला त्यानं मागंच ठेवला होता. हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, मेरी भैन तुमारेकने पढती. घर जाव. मैं रोज नै रोक सकता इनकू."

त्या टोळक्याला कुणी रोखत होतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मी कापड गुंडाळून घरी आले. त्यानंतर दोन-तीन आठवडे मी गेले नाही.

मग भारताचं सैन्य आलं. विमानं आली, रणगाडे आले, आणि बघता बघता सगळं उलटलं. खाकी कपडे खाम नदीत टाकलेले सापडायला लागले. मनमाडची गाडी भरून भरून यायला लागली, गल्लीतल्या बायका आल्या, किल्ल्या घेऊन गेल्या. अंगणांत सडे पडले, पेढे वाटले. मीही वाटले. मला आनंद झाला होता. तो नव्हता असं मी कधीच म्हणणार नाही. भाऊ गळ्यात हार घालून घरी आला, मी त्याला ओवाळलं.

आता रोशन गेटकडच्या गल्ल्या बंद झाल्या. दारं आतून लावलेली, बाहेर कुत्रंदेखील नाही. आपांच्या मालकांना पकडून नेलं होतं. खाकीवाल्यांना वर्गणी दिली असा आरोप होता. कुणाच्या तरी धमकीनं दिली होती, पण ते विचारतो कोण? दुकानं फुटायला लागली. अंथरुणातल्या वकीलसाहेबांनी मला निरोप पाठवून बोलावलं आणि एवढंच विचारलं, "बाई, गुरुवारी?"

मी घरोघर फिरले. अहमदनगरहून परतलेले वैद्य म्हणाले, "आता कशाला? आता संपलं की सगळं." मी म्हणाले, "हकीमांचं दुकान परवा फोडलं." ते खल पुढं ओढून घेत म्हणाले, "माझ्यावर थुंकले होते ते विसरलात तुम्ही?" विसरले नव्हते. पण थुंकणारे हकीम नव्हते. हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून तर ते माझ्याकडं न बघता खल घासत बसले.

गुरुवारी वकीलसाहेब नातवाच्या खांद्याला धरून आले. आणखी कुणी नाही. वाकून गेले होते, पण शेरवानीची बटणं सगळी लावलेली. त्या संध्याकाळी विजयाची मिरवणूक होती. ढोल, गुलाल, मोटारगाडीवर पोरं. ती शहागंजातून वळून रोशन गेटकडं जाणार, असं लोक बोलत होते आणि बोलताना त्यांचे डोळे चमकत होते. मिरवणुकीत काठ्या होत्या.

आम्ही त्या वळणाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलो. समोरून मिरवणूक आली. पुढच्या गाडीवर माझा भाऊ होता. त्यानं मला पाहिलं, आणि पाहूनही गाडी बरीच पुढं आली. मग तो उतरला.

"अक्का, बाजूला हो."

"नाही."

"सगळे बघतायत."

"बघू दे."

"तुला कळतंय का तू काय करतेस? आज तरी..." चेहऱ्यावरच्या गुलालातून घाम ओघळत होता. मागून कुणीतरी ओरडलं, "कोण आहे ती? ढकला तिला!" कुणीतरी वकीलसाहेबांना उद्देशून घाणेरडी शिवी दिली. भावानं मागं वळून पाहिलं. ओरडणारा त्याच्याच तळावरचा असणार. मग तो माझ्याकडं पाठ करून उभा राहिला. माझ्यापुढं, अगदी लागून. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. शेवटी त्यानं हात वर केला आणि ढोलवाल्यांना ओरडून सांगितलं, "गुलमंडीकडं घ्या! गुलमंडीकडं!"

मिरवणूक कुरकुरली, घोटाळली आणि वळली. तो माझ्याशी न बोलता तिच्याबरोबर गेला.

त्या रात्री मी त्याच्यासाठी स्वयंपाक करून ठेवला होता. तो आला नाही. दुसऱ्या दिवशी कुणाला तरी पाठवून त्यानं आपली ट्रंक नेली.

आपांच्या मालकांना काही महिन्यांनी सोडलं. त्यानंतर ते इथं राहायला तयार नव्हते. आधी हैदराबाद, तिथून कराची. मी स्टेशनवर गेले. आपा जनान्या डब्याच्या खिडकीशी बसल्या होत्या, बुरख्याचा पडदा वर केलेला. त्यांच्या केसांत इतकं पांढरं मी पाहिलं नव्हतं.

"त्या दिवशी मिरवणूक वळली ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी आमच्या माडीवर होते. ढोल जवळ येत होता. मुलांना कणगीमागं लपवलं होतं. मग ढोल लांब गेला. मला वाटलं, सैन्यानं अडवलं. तुम्ही होता हे नंतर कळलं."

"मी नव्हते आपा. माझा भाऊ होता."

"त्याला माझी दुवा सांगा."

"तो माझ्याशी बोलत नाही."

त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझा हात धरला. गाडी सुटेपर्यंत तो सोडला नाही. कराचीहून एक पत्र आलं, सुखरूप पोचल्याचं. मग नाही आलं.

वकीलसाहेब त्याच हिवाळ्यात गेले. बायकांना कबरस्तानात जाता येत नाही. मी त्यांच्या दारात थोडी थांबले आणि परत आले. पुढं माझी बदली लासूर स्टेशनला झाली. शाळा आता मराठीतून भरत होती, पुस्तकं नवी होती. भावाचे सत्कार झाले, आणि ते व्हायलाच हवे होते, त्यानं सोसलं होतं. आमच्यापाशी सांगण्यासारखं काही नव्हतं. आम्ही कुठं तुरुंगात गेलो नव्हतो, कुणाचं काही जाळलं नव्हतं. त्या चौकात उभे राहिलेले बहुतेक जण नंतर स्वतःही ते सांगत नसत. मला कधी कधी वाटे, आम्हाला पाहिलेलं एकही माणूस शहरात उरलं नसेल.

तीन वर्षांनी भाऊ भाऊबीजेला लासूरला आला. सकाळच्या गाडीनं आला, ओवाळून घेतलं, जेवला. मी त्याला आपांची दुवा सांगितली. त्यानं मान हलवली आणि विहिरीला पाणी कसं आहे ते विचारलं. तेव्हापासून दर वर्षी यायला लागला. त्या संध्याकाळबद्दल तो बोलला नाही, मीही काढलं नाही. दुपारच्या गाडीनं परत जायचा.

लासूरला माझ्या शेजारी आडतीवर हमाली करणाऱ्याचं कुटुंब राहायचं. त्याची बायको मोकळी होती, ओट्यावर येऊन बसायची, मी पेपर तपासताना बघत राहायची. एकदा म्हणाली, "बाई, तुमच्याकडं कुनीच येत नाय व्हय?"

"येतो की," मी म्हणाले. "दिवाळीला भाऊ येतो."